‘एएस’ म्हणजे आजारी नव्हे: सिकलसेलचं मूळ कसं सापडलं

विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेलच्या, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, तपासणीचे रिपोर्ट वाटले जातात तेव्हा एक प्रश्न हमखास येतो: “डॉक्टर, एएस पॅटर्न लिहिलंय. म्हणजे मला सिकलसेल झालाय ना?”

नाही. तुम्ही वाहक आहात, रुग्ण नाही. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. कागदावर तो ‘एस’ दिसतोच आहे, आज ना उद्या तो डोकं वर काढणार, असं घरच्यांना वाटत राहतं. मुलीचा रिपोर्ट एएस आला की तिच्या लग्नाची बोलणी थांबतात, मुलाला मैदानावर पाठवायचं की नाही यावर घरात वाद होतो. हा गैरसमज अडाणीपणातून येतो असं म्हणणं सोपं आहे, पण अमेरिकेतल्या नामांकित डॉक्टरांनीही तब्बल तीस वर्षं नेमका हाच घोळ घातला होता. तो कसा सुटला ते कळलं की रिपोर्टवरची दोन अक्षरं आपली आपण वाचता येतात.

सुरुवात शिकागोची. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण 1904 च्या अखेरीस तिथल्या इस्पितळात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तांबड्या पेशी एरवी गोल, मधे किंचित दबलेल्या असतात. इथे मात्र कित्येक पेशी लांबट आणि वाकलेल्या होत्या, विळ्याच्या पात्यासारख्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी 1910 साली ही केस छापली. आजार काय आहे ते सांगता येत नाही, असं त्यांनी मोकळेपणाने म्हटलं. नोएल पदवी घेऊन मायदेशी परतला, सेंट जॉर्जेस गावात त्याने दवाखाना थाटला आणि 1916 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी, न्यूमोनियाने गेला. हेरिक यांचं नाव पुस्तकात राहिलं. आयर्न्स आणि नोएल यांची आठवण फार थोड्यांनी ठेवली.

पुढच्या काही वर्षांत असे आणखी रुग्ण सापडले. 1917 मध्ये व्हिक्टर एमेल यांनी अशाच एका तरुणीच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर हवाबंद करून ठेवला. काही वेळाने आणखी पेशी विळ्यासारख्या झाल्या. मग त्यांनी तिच्या वडिलांचं रक्त घेतलं. त्यांच्याही पेशी विळ्यासारख्या झाल्या! आणि वडील तर ठणठणीत होते.

इथे घोळ सुरू झाला. काचपट्टीवर ज्याच्या पेशी वाकतात त्याला आजार आहेच, फक्त तो अजून सुप्त आहे, असं बहुतेक डॉक्टर धरून चालले. म्हणजे आजच्या त्या काळजीत पडलेल्या घरच्यांसारखंच: आज ना उद्या डोकं वर काढणार. 1927 मध्ये हान आणि गिलेस्पी या दोघांनी एक महत्त्वाचा धागा पकडला. पेशी वाकतात त्या ऑक्सिजन कमी झाल्यावर. ऑक्सिजन परत दिला की त्या पुन्हा गोल होतात. पण ठणठणीत बाप आणि आजारी लेक यांच्यात फरक काय, याचा उलगडा त्यातूनही झाला नाही.

उलगडा 1949 मध्ये झाला, आणि तो एकाच वर्षात दोन वेगळ्या बाजूंनी झाला.

पहिली बाजू घराण्यांची. मिशिगन विद्यापीठातल्या जेम्स नील यांनी रुग्ण मुलांच्या आई आणि वडील अशा दोघांचंही रक्त तपासायला घेतलं. दोघांच्याही पेशी काचपट्टीवर वाकत होत्या. म्हणजे सदोष जनुक एकाच पालकाकडून आलं तर माणूस वाहक, दोघांकडून आलं तर रुग्ण. वाहक ही आजाराची पहिली पायरी नव्हे. वाहक जन्मभर वाहकच राहतो.

दुसरी बाजू रसायनशास्त्राची. रुग्णाच्या पेशी ऑक्सिजन गेल्यावर ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात वेगळ्या चमकतात, हे विल्यम कॅसल या डॉक्टरने 1945 मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांना बोलता बोलता सांगितलं. असं चमकतं ते आत काहीतरी एका दिशेने शिस्तीत रचलं गेलं असेल तरच. तांबड्या पेशीत पाणी वगळलं तर जवळपास सगळं हिमोग्लोबिनच, म्हणजे ऑक्सिजन वाहणारं प्रथिनच असतं. तेव्हा दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनमध्येच असावा, असा पॉलिंग यांचा तर्क. तो तपासायचं काम त्यांनी हार्वी इटानो या तरुण डॉक्टरकडे दिलं. इटानो जपानी वंशाचे अमेरिकन. 1942 मध्ये बर्कली विद्यापीठाचं सर्वोच्च पदक त्यांना जाहीर झालं, पण युद्धामुळे सरकारने जपानी वंशाच्या कुटुंबांना स्थानबद्ध केलं होतं आणि त्यांना समारंभाला जाताच आलं नाही. ज्या शोधाचं श्रेय सरसकट पॉलिंग यांना दिलं जातं, त्यातलं रोजचं काम इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं आहे.

त्यांनी हिमोग्लोबिनचं द्रावण विजेच्या क्षेत्रात ठेवलं. रेणूवर जितका विद्युतभार, तसा त्याचा सरकण्याचा वेग. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन एका वेगाने सरकलं, रुग्णाचं वेगळ्या वेगाने. आणि वाहकाच्या नमुन्यात दोन्ही सापडले: निम्म्याहून थोडं जास्त नेहमीचं, बाकीचं दुसरं. नेहमीच्याला ‘ए’ म्हणायचं आणि सिकलवाल्याला ‘एस’. रिपोर्टवरची अक्षरं ती हीच. ‘एएस’ म्हणजे एका पालकाकडून ए, दुसऱ्याकडून एस. ‘एसएस’ म्हणजे दोन्हींकडून एस. वाहकाच्या पेशीत चांगलं हिमोग्लोबिन इतकं असतं की शरीरात फिरताना ती पेशी सहसा वाकत नाही. एमेल यांच्या हवाबंद काचपट्टीवर वाकली होती ती तिथला ऑक्सिजन संपला म्हणून. फार उंच डोंगर किंवा कडक उन्हात पाण्यावाचून केलेली अतोनात मेहनत अशा टोकाच्या प्रसंगी वाहकाने जपावं, हे खरं. एरवी तो चारचौघांसारखाच.

वेग वेगळा असल्याचं कळलं, पण का? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवलेली साखळी. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत अशा चार साखळ्या असतात: दोन अल्फा, प्रत्येकी 141 अमिनो आम्लांच्या, आणि दोन बीटा, प्रत्येकी 146 अमिनो आम्लांच्या. एवढ्यात चूक कुठे शोधायची? त्या काळी प्रथिनांचा क्रम वाचायला वर्षानुवर्षं लागत. 1956 मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत व्हर्नन इन्ग्रॅम यांनी सगळा क्रम वाचायचा नादच सोडला. त्यांची युक्ती मला या साऱ्या कहाणीतली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं पाचक द्रव्य असतं. ते प्रथिनाची साखळी वाटेल तिथे तोडत नाही. लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांच्या पुढेच तोडतं. इन्ग्रॅम यांनी ए आणि एस अशी दोन्ही हिमोग्लोबिनं ट्रिप्सिनने तोडली. प्रत्येकाचे साधारण तीसेक तुकडे झाले. त्या मिश्रणाचा एक ठिपका ओल्या फिल्टर पेपरच्या कडेला दिला आणि कागदाला वीज जोडली. तुकडे आपापल्या विद्युतभारानुसार एका रेषेत पांगले. मग कागद वाळवून काटकोनात फिरवला आणि खालची कडा द्रावकात बुडवली. द्रावक कागदातून वर चढताना तुकडेही सोबत ओढले गेले, कुणी जास्त, कुणी कमी. शेवटी निनहायड्रिन हे रंग आणणारं रसायन फवारून कागद गरम केला. कागदावर जांभळे ठिपके उमटले.

दोन कागद शेजारी ठेवले. एकेक ठिपका जुळत गेला. फक्त एक ठिपका, इन्ग्रॅम यांनी ज्याला चौथा क्रमांक दिला होता तो, एसच्या कागदावर जागेवरून सरकला होता. इतक्या मोठ्या रेणूतला सगळा दोष त्या एका छोट्या तुकड्यात होता. त्यात जेमतेम आठ अमिनो आम्लं: व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, पुन्हा ग्लुटामिक आम्ल, लायसिन. हा आपल्या बीटा साखळीचा आरंभ. 1957 मध्ये उत्तर छापून आलं. या तुकड्यातल्या एका ग्लुटामिक आम्लाच्या जागी एसमध्ये व्हॅलिन बसलेलं होतं. साखळीतलं ते सहावं स्थान.

ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो, व्हॅलिनवर नसतो. विजेच्या क्षेत्रातल्या वेगाचं कोडं तिथेच सुटलं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहतं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की रेणूचा आकार थोडा बदलतो आणि शेजारच्या रेणूवर नेमकी व्हॅलिन अडकेल अशी खाच तयार होते. एक रेणू दुसऱ्यात अडकतो, दुसरा तिसऱ्यात, आणि बघता बघता चौदा धाग्यांचे पीळदार दोर तयार होतात. पेशीला आतून ताणून वाकवतात ते हे दोर. कॅसल यांना दिसलेली चमकही याच रचनेची. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडं-सांधे असह्य दुखतात, छाती भरून येते, प्लीहा निकामी होते. नेहमीची तांबडी पेशी 120 दिवस टिकते, ही दहा-वीस दिवसांतच फुटते. रक्त कमी पडतं ते त्यामुळे.

प्रथिनातली चूक म्हणजे डीएनएतल्या चुकीची सही. बीटा साखळीचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्यात सहाव्या अमिनो आम्लासाठी डीएनएच्या अक्षरांत जी-ए-जी असा मजकूर असतो (हा ए डीएनएचं अक्षर, हिमोग्लोबिन ए नव्हे). रुग्णात तो जी-टी-जी असतो. तीनशे कोटींहून जास्त अक्षरांच्या जनुकसंचात एका ‘ए’च्या जागी ‘टी’. बस.

हे अक्षर थेट वाचायची गरज होती, कारण गर्भातल्या बाळाचं निदान प्रथिनावरून करणं अवघड जातं. गर्भातलं बाळ वेगळंच हिमोग्लोबिन वापरत असतं. ते थोडं पुढे. अमेरिकेतल्या एका कंपनीत रँडल साइकी आणि सहकाऱ्यांनी डीएनएचा हवा तो तुकडा लाखो पटींनी वाढवायची पद्धत वापरून हेच अक्षर तपासलं आणि 1985 मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्या पद्धतीचं नाव पीसीआर. कोविडच्या वर्षांत नाकात काडी घालून ज्या ‘आरटीपीसीआर’ची आपण धास्ती घेतली, तिच्या मूळ तंत्राचा पहिला छापील उपयोग सिकलसेलसाठी झाला होता. आज साधारण दहा ते बारा आठवड्यांच्या गरोदरपणात वारेचा बारीक अंश घेऊन बाळ एए, एएस की एसएस ते सांगता येतं.

आता आपल्याकडे येऊ. भारतात सिकलसेल असल्याचं 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींच्या तपासणीतून जगाला कळलं. 1958 मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या वाहकांची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दिली. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार हे पट्टे आता सगळ्यांना माहीत आहेत. हा ‘आदिवासींचा आजार’ असं सर्रास म्हटलं जातं, ते चूक आहे. विदर्भात अनुसूचित जाती आणि काही इतर मागासवर्गीय समाजांतही तो भरपूर आहे. जनुक टिकून राहिलं ते मलेरियामुळे. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवलं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने माणसं नेली, तिथे एस जगला. जातीशी त्याचा संबंध एवढाच की आपण लग्नं जातीत करतो.

गावात होणारी पहिली तपासणी म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट. छोट्या नळीत सोडियम डायथायोनाइट असलेलं द्रावण घेतात, त्यात रक्ताचा थेंब टाकतात आणि काही मिनिटांनी नळी काळ्या रेघा छापलेल्या कागदासमोर धरतात. डायथायोनाइट ऑक्सिजन ओढून घेतं. एस असेल तर तो गोळा होऊन द्रावण गढूळ होतं आणि मागच्या रेघा दिसेनाशा होतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. चाचणी स्वस्त आहे, उपयोगी आहे, पण एमेल यांच्या काचपट्टीचं जे दुखणं तेच हिचं: वाहक आणि रुग्ण दोघांतही ती पॉझिटिव्ह येते. शिवाय सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती फसते. तेव्हा फक्त ‘सिकलिंग पॉझिटिव्ह’ एवढ्यावरून कुणाला रुग्ण ठरवू नये. पुढची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचण्या) झाल्यावरच पॅटर्न कळतो. माझा आग्रह असा की शिबिरात पॉझिटिव्ह सांगून लोकांना घरी पाठवायचं आणि पक्का रिपोर्ट महिन्यांनी द्यायचा, हे करूच नये. मधल्या काळात गावभर बोभाटा झालेला असतो.

आता नील यांच्या नियमाची गंमत पाहा. रुग्णाचे आई-वडील दोघंही वाहक असायला हवेत. मग कधीकधी मूल रुग्ण, आई एएस आणि वडिलांच्या रक्तात एसचा मागमूस नाही, असं का होतं? अशा वेळी घरात नको नको ते संशय सुरू होतात आणि बहुतेकदा बाईला ऐकून घ्यावं लागतं. खरं कारण बऱ्याचदा असं: वडील बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतात. तेही त्याच बीटा जनुकातले दोष, पण वेगळ्या जागचे. या दोषांत साखळीचा आकार बिघडत नाही, साखळी तयारच होत नाही किंवा फार कमी होते. मुलाला आईकडून एस मिळालं आणि वडिलांकडून बंद पडलेलं जनुक. मग रक्तात मुख्यतः एसच उरतो आणि मूल एसएससारखंच आजारी पडतं. इटलीत एझिओ सिल्वेस्ट्रोनी आणि इडा बियांको या डॉक्टर जोडप्याने 1940 च्या दशकातच हा प्रकार ओळखला होता.

हे कसं पकडायचं? वडिलांच्या एचपीएलसीत ‘ए-टू’ हे एरवी थोडंच असणारं हिमोग्लोबिन 3.5 टक्क्यांच्या वर दिसतं, तांबड्या पेशी आकाराने लहान असतात. मग जनुकाचा क्रम वाचून नेमका दोष सापडतो. भारतात सगळ्यात जास्त आढळणारा दोष तर प्रथिनाच्या मजकुरात नसतोच. जनुकातला जो भाग कापून टाकायचा असतो, त्याच्या पाचव्या अक्षरात ‘जी’च्या जागी ‘सी’ असतो आणि कापणी चुकते. मुंबईत परळची राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिर विज्ञान संस्था आणि तिचं चंद्रपूरचं केंद्र या कामात आहेत. म्हणून लग्नाआधी तपासणी करायचीच असेल तर दोघांचीही एचपीएलसी मागा. नुसत्या सोल्युबिलिटीच्या निगेटिव्ह रिपोर्टवर भागवू नका.

आणि हिशेबही नीट करा. एएस आणि एए यांच्या लग्नातून एसएस मूल होत नाही. दोघंही एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता 25 टक्के. प्रत्येक वेळी नव्याने. “पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील” हा हिशेब अनेक घरांनी मांडला आणि तो चुकला.

एक अक्षर सापडलं, कारण मिळालं. मग एकाच घरातली दोन एसएस भावंडं वेगळी का असतात? एक दर महिन्याला दवाखान्यात, दुसरं शेतात राबतं. एसएसचं अक्षर दोघांत तंतोतंत सारखं. याचं पहिलं सूत्र ब्रुकलिनच्या जेनेट वॉटसन यांना 1948 मध्ये दिसलं: आजार घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळाच्या पेशी फारशा वाकत नाहीत. कारण बाळाचं हिमोग्लोबिन, ज्याला ‘एफ’ म्हणतात, बीटा साखळी वापरतच नाही. गॅमा नावाची वेगळी साखळी वापरतं. हात धरून साखळी करणाऱ्या पोरांमध्ये कुणी मधेच उभं राहून हात द्यायला नकार द्यावा, तसा एफ एसच्या दोरात शिरून तो तोडतो. जन्मानंतर एफ घटतो आणि दुखणं सुरू होतं. काहींमध्ये तो मोठेपणीही टिकतो. भारतात एससोबत शेजारच्या डीएनएची जी ठेवण वारशाने येते तीत एफ बराच जास्त राहतो, त्यामुळे इथला आजार सौम्य असतो असं पुस्तकं सांगतात. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांचा अनुभव मात्र सरसकट तसा नाही. तिथे कितीतरी मुलं गंभीर अवस्थेत येतात.

एफ बंद कोण करतं? हजारो लोकांचे डीएनए ताडून पाहिल्यावर 2007-08 मध्ये बोट पडलं दुसऱ्या गुणसूत्रावरच्या बीसीएल11ए या जनुकावर. ते गॅमाला गप्प करतं. मग विचार उलटा झाला: बिघडलेलं अक्षर दुरुस्त न करता, गप्प करणाऱ्यालाच गप्प करावं. कॅसजेव्ही हा उपचार तेच करतो. रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी बाहेर काढून क्रिस्पर या डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या तंत्राने बीसीएल11एचं रक्तपेशींतलं बटण तोडतात आणि पेशी परत देतात. आधी जोरदार केमोथेरपी द्यावी लागते. ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये, अमेरिकेने डिसेंबर 2023 मध्ये मान्यता दिली. तेव्हा अमेरिकेत जाहीर झालेली किंमत 22 लाख डॉलर.

त्याच वर्षी 1 जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, हे लक्ष्य. तपासणी महत्त्वाचीच, पण ज्याचा रिपोर्ट एसएस आलाय त्याला आज हवी असते ती हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल. तीही एफच वाढवते. बीसीएल11एचं नाव कुणाला माहीत नव्हतं तेव्हा, 1995 मध्ये, मोठ्या चाचणीत तिने दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आणल्याचं सिद्ध झालं. ती रोज घ्यावी लागते, ठरावीक दिवसांनी रक्त तपासून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट फार खाली गेल्या नाहीत ना हे पाहावं लागतं, मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. आणि दुखत नाही म्हणून ती मधेच बंद करायची नसते.